पोथ्यांची पेटी आणि मिठाचें पाणी

जुनी पोथी कशानें नासते असें विचारलें तर दहांपैकीं नऊ गृहस्थ वाळवीचें नांव घेतात, आणि राहिलेला एक उंदराचें. या दोघांचा अपराध मोठा आहे, यांत शंका नाहीं. परंतु ते येण्यापूर्वीं पुष्कळ वर्षें एक तिसरा शत्रु आपलें काम निमूटपणें करीत असतो. तो म्हणजे हवेंतील ओलाव्याचा चढउतार. आमच्या वऱ्हाडांत, रिसोड-वाशिमच्या या पट्ट्यांत, वैशाखांतील दुपारीं हवा इतकी कोरडी असते कीं, वाळत घातलेलें धोतर पाहतां पाहतां खडखडीत होतें. आणि तीच हवा श्रावण-भाद्रपदांत घरांतील पापडांना मऊ करते व चामड्याच्या वहाणेवर बुरशी आणते. कागद ओलावा घेतो तेव्हां फुगतो, सोडतो तेव्हां आक्रसतो. पोथीची शाई काजळी व बाभळीचा डिंक यांची. हा डिंक पावसाळ्यांत मऊ पडून पानास पान चिकटवतो आणि उन्हाळ्यांत तडकून अक्षरासह उडतो. हा खेळ दरसाल एकदां होतो. दीडशें वर्षांच्या पोथीनें तो दीडशें वेळां सोसलेला असतो, आणि मग एके दिवशीं आपण पान उलटावयास जावें तों त्याचा कोपरा बोटांत येतो.

हा चढउतार कमी करण्याचा एक सोपा उपाय मला ज्या दिशेनें मिळाला, ती दिशा या मासिकाच्या वाचकांस कदाचित् रुचणार नाहीं. म्हणून ती आधींच सांगून टाकतों. ती तंबाखूची. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत असतो. त्यास चिरूट ओढण्याचा नाद आहे. (नाद वाईट आहे, हें मीं त्यास सांगितलें, त्यानेंहि ऐकून घेतलें.) चिरूट म्हणजे तंबाखूच्या अखंड पानांची वळकटी. तिला फार कोरडी हवा लागली तर वरचें पान फुटतें, फार ओली लागली तर बुरशी येते. याकरितां हवाना येथील उंची चिरूट ज्या पेटींत ठेवतात, त्या पेटींतील हवेचा ओलावा शेंकडा ६५ ते ७० यांच्या दरम्यान राखावा लागतो. श्रीमंत लोक यासाठीं सुगंधी लांकडाच्या नक्षीदार पेट्या बाळगतात. ज्यांस तें परवडत नाहीं त्यांनीं एक युक्ति काढली: सहलीस जातांना पाणी व खाद्यपदार्थ गार ठेवण्यासाठीं जी प्लॅस्टिकची जाड पेटी नेतात, जिला आपल्याकडे आइसबॉक्स म्हणतात, तीच घेऊन तिच्यांत ओलावा राखण्याची सोय करावयाची. पेटीच्या दुहेरी भिंतींत फेस भरलेला असल्यामुळें बाहेरची उष्णता आंत सावकाश शिरते, आणि झांकण घट्ट असलें म्हणजे हवाहि आंतबाहेर फारशी होत नाहीं.

त्यानें स्वतः केलेल्या पेटीचें वर्णन ऐकत असतां माझें लक्ष चिरुटांवरून उडालें आणि आमच्या माळ्यावरील गांठोड्यांकडे गेलें. तंबाखूचें पान आणि पोथीचें पान, दोन्ही वनस्पतींचीच अपत्यें; दोघांसहि ओलाव्याचा अतिरेक व अभाव सारखाच जाचतो. निपाणीकडचे शेतकरी वाळलेली तंबाखू भल्या पहांटे दंवांत हाताळतात, कारण ऊन चढल्यावर पानाचा चुरा होतो, हें पुष्कळांस ठाऊक असेल. इतकेंच काय, पण तंबाखूच्या वखारींत चिरुटाला छिद्रें पाडणारा जो बारीक तांबूस भुंगेरा असतो, तोच ग्रंथसंग्रहांत शिरून पुस्तकांच्या बांधणींतहि बोगदे करतो. दोघांचे शत्रु एक, तेव्हां उपायहि बराचसा एक असावा. (जातां जातां सांगतों: ‘चिरूट’ हा शब्द साहेबाचा नव्हे. तमिळ भाषेंतील ‘सुरुट्टु’, म्हणजे गुंडाळी, या शब्दापासून तो झाला. त्रिचनापल्ली व दिंडिगल येथील चिरूट एके काळीं विलायतेपर्यंत जात असत.)

आतां या युक्तीचा गाभा. तो प्रत्येक स्वयंपाकघरांत आहे, मात्र आपण त्याकडे तक्रारीच्या दृष्टीनें पाहतों. पावसाळ्यांत मिठाला पाणी सुटतें. कां सुटतें? हवेंत पाण्याची जितकी वाफ मावूं शकते तिला आपण शंभर म्हणूं. हवेंतील प्रत्यक्ष वाफ या मानानें शेंकडा ७५ च्या वर गेली कीं मीठ ती हवेंतून ओढून घेऊं लागतें व पाझरतें. ७५ च्या खालीं आली कीं घेतलेलें पाणी सोडून पुन्हां कोरडें होतें. म्हणजे एका बंद पेटींत ओल्या मिठाचा वाडगा ठेवला, आणि त्या वाडग्यांत थोडें पाणी व थोडें न विरघळलेलें मीठ अशीं दोन्ही शिल्लक राहिलीं, तर तें मीठ हवा जास्त ओली झाल्यास पिऊन घेईल आणि जास्त कोरडी झाल्यास पाणी परत देईल. पेटींतील हवा ७५ वर येऊन थांबेल. विजेची गरज नाहीं, चाक नाहीं, चावी नाहीं. मला या योजनेंत सर्वांत आवडलेली गोष्ट ही कीं, उष्णतेनें हा आंकडा जवळजवळ हालत नाहीं. २० अंशांवर तो ७५ च्या किंचित् वर असतो आणि ४० अंशांच्या उन्हांत किंचित् खालीं.

येथें सामुद्रिक खडेमिठाविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. तें श्रावण येण्यापूर्वींच पाझरूं लागतें, कारण त्यांत मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असतात व ते फार कमी ओलाव्यावर पाणी ओढतात. आमच्या शेजारच्या लोणार सरोवराचा खार तर मुख्यतः सोडा आणि मीठ यांचें मिश्रण. लवणासुराच्या कथेमुळें त्याविषयीं कितीहि आदर असला तरी या कामास तो घेऊं नये. आंकडा ठाम हवा असेल तर मीठ शुद्ध, दळलेलें, पुडींतलेंच घ्यावें.

परंतु ७५ हा आंकडा चिरुटालाहि थोडा अधिक, आणि पोथीला तर घातकच आहे. ओलावा ६५-७० च्या वर फार दिवस राहिला कीं कागदावर बुरशी धरते. पोथीस पन्नासाच्या आसपासची हवा मानवते. त्यासाठीं दुसरा क्षार पाहिजे, आणि तो मला रसायनशाळेंत न मिळतां कृषि सेवा केंद्रांत मिळाला. संत्र्याच्या व इतर फळबागांना ठिबकाच्या पाण्यांतून देण्याचें मॅग्नेशियम नायट्रेट या नांवाचें पांढरें स्फटिकी खत असतें. त्याच्या ओल्या लगद्यावरील हवेचा ओलावा २५ अंशांवर शेंकडा ५३, ३० अंशांवर ५१ आणि ४० अंशांवर ४८ राहतो. म्हणजे आमच्या वैशाखांतहि तो पोथीला सोसेल अशाच मर्यादेंत आहे. पुडक्यावर केवळ हेंच नांव असावें; मिश्रखत नसावें. हा क्षार स्वतः जळत नसला तरी दुसऱ्याच्या आगीस साह्य करतो; म्हणून तो देवघरांतील समईपासून दूर, मुलांच्या हातीं लागणार नाहीं असा ठेवावा, आणि त्याच्या कामाची भांडीं स्वयंपाकांत परत नेऊं नयेत.

प्रत्यक्ष कृति अशी. पेटी २५ ते ३० लिटरची, आंतून गुळगुळीत, बुडाशीं पाणी काढण्याचें भोंक असल्यास तें घट्ट बुचानें बंद होणारी अशी घ्यावी. नव्या पेटीस प्लॅस्टिकचा वास असतो. कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून त्यानें ती पुसावी, स्वच्छ धुवावी आणि झांकण उघडें ठेवून आठपंधरा दिवस सावलींत वाळूं द्यावी. वास पूर्ण गेल्याखेरीज पोथी आंत जातां कामा नये. झांकण नीट बसतें कीं नाहीं हें पाहण्यास कागदाची पट्टी कांठावर ठेवून झांकण लावावें व पट्टी ओढून पाहावी. सहज निघाली तर तेथें फट आहे. दारें-खिडक्यांना लावण्याची फेसाची चिकट पट्टी अशा ठिकाणीं कांठाभोंवतीं चिकटवावी. बाहेरच्या पट्टीचा डिंक पोथीला लागत नाहीं, म्हणून तेवढी सूट दिली तर चालेल.

एका पसरट कांचेच्या भांड्यांत अर्धा किलो क्षार घालावा, भांडें निम्म्याहून अधिक भरूं नये. त्यावर चमच्याचमच्यानें पाणी शिंपडीत ढवळावें. लगदा भिजलेल्या रव्यासारखा झाला कीं थांबावें. सगळा क्षार विरघळला तर युक्ति फसली असें समजावें. न विरघळलेले स्फटिक डोळ्यांना दिसले पाहिजेत. या क्षारांना एक खोड असते: ते भांड्याच्या भिंतीवरून हळूहळू वर चढून बाहेर उतरतात. म्हणून भांड्याच्या कांठास आंतून बोटभर रुंदीचा व्हॅसलीनचा थर द्यावा, वर छिद्रें पाडलेलें प्लॅस्टिकचें झांकण घालावें, आणि तें सबंध भांडें दुसऱ्या मोठ्या भांड्यांत ठेवावें. पितळ, तांबें, ॲल्युमिनियम यांपैकीं कांहींहि वापरूं नये. पेटीच्या एका टोंकास ही जोडगोळी, मध्यें प्लॅस्टिकची जाळीदार आडभिंत, आणि दुसऱ्या टोंकास पोथ्या, असा संसार मांडावा.

चिरुटांच्या पेटींत आंतून लांकडी फळ्या लावतात, कारण त्या लांकडाचा वास तंबाखूस हवा असतो. तें लांकूड आपल्याकडील तून वृक्षाच्या नात्यांतलें आहे. अमरकोशांत ‘तुन्न’ म्हणून जो येतो तोच हा वृक्ष, आणि त्याच्या लांकडाच्या चिरूटपेट्या हिंदुस्थानांतहि होत असत. पोथीच्या पेटींत मात्र नवें लांकूड घालूं नये. बंद जागेंत लांकडापासून आम्ल वाफा निघतात व त्या कागदास पिंवळें करतात. पोथीच्या मूळच्या दोन फळ्या जुन्या असतात, त्यांचा जोर बराचसा ओसरलेला असतो. त्या राहूं द्याव्या.

आर्द्रता दाखविणारें लहानसें यंत्र थोड्या पैशांत मिळतें, पण त्याच्या शब्दावर लगेच विश्वास ठेवूं नये. त्याची परीक्षा पुन्हां मिठानेंच घेतां येते. बाटलीच्या झांकणांत साधें मीठ ओलें करून, तें व यंत्र एका घट्ट पिशवींत बंद करून एक दिवस ठेवावें. कांटा ७५ वर आला पाहिजे. ७० दाखवीत असेल तर पुढें प्रत्येक वाचनांत पांच मिळवावे. शाळेंत पोरांची परीक्षा घेतांना मला जितका आनंद कधीं झाला नाहीं तितका या यंत्राची घेतांना झाला. तें चार गुणांनीं कमी भरलें.

पोथ्या पेटींत घालण्याचा काळ महत्त्वाचा आहे. पावसाळ्यांत ओली पोथी हवाबंद पेटींत कोंडणें म्हणजे बुरशीला आमंत्रण देणें होय. त्यापेक्षां ती उघड्या फडताळांत बरी. कार्तिक-मार्गशीर्षांत, बाहेरची हवा आपोआप मध्यम झालेली असते तेव्हां, गांठोडीं सोडावीं. उन्हांत घालूं नयेत. पोथ्यांना ऊन दाखविण्याची आपली चाल भाबडी आहे, उन्हानें शाई विटते व कागद ठिसूळ होतो. सावलींत, मऊ कुंचल्यानें पान पान झाडावें. जुनीं वेष्टनें धुवावीं किंवा नवीं, खळ काढलेलीं सुती वेष्टनें करावीं. प्रत्येक गांठोडें महिनाभर वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवींत ठेवून तळाशीं बारीक भुकटी पडते कीं काय हें पाहावें. पडली तर आंत किडा जिवंत आहे. चिरूटवाले अशा वेळीं माल तीन दिवस बर्फाच्या कपाटांत गोठवितात, आणि मोठमोठे ग्रंथसंग्रहहि हीच रीत अवलंबितात. छापील पुस्तकाला ती घरीं करून पाहण्यास हरकत नाहीं. पिशवी हवा दाबून काढून पक्की बंद करावी, आणि बाहेर काढल्यावर एक सबंध दिवस उघडूं नये, नाहींतर आंत दंव सांचतें. चित्रें असलेल्या किंवा ताडपत्रावरील पोथीवर मात्र हा प्रयोग कोणीं करूं नये. तेथें जाणत्याचाच सल्ला घ्यावा.

पेटी जमिनीवर न ठेवतां पाटावर, पश्चिमेची भिंत सोडून, घराच्या आंतल्या खोलींत ठेवावी. आमच्या पेटीस आतां सर्व ऋतु लागून गेले. बाहेरचा कांटा वैशाखांत विसाच्या आसपास आणि भाद्रपदांत नव्वदीकडे जात असतां आंतला ४८ आणि ५५ यांच्या मध्येंच राहिला. याचें सगळें श्रेय क्षाराला देणें न्यायाचें नाहीं. पेटी पोथ्यांनीं भरलेली असली म्हणजे पोथ्यांचा कागदच आपल्याभोंवतींची हवा सांभाळतो; त्याच्या पोटांतलें पाणी हवेंतील पाण्याच्या मानानें कितीतरी अधिक असतें. क्षार फक्त वर्षभरांत झांकणाच्या फटींतून जी देवघेव होते ती भरून काढतो.

ज्यांस हा सर्व खटाटोप परकीय वाटत असेल त्यांनीं आपल्याच जिल्ह्यांतील कारंज्याकडे पाहावें. तेथील जैन ग्रंथभांडारांतील हस्तलिखितांची नोंद रायबहादूर हिरालाल यांनीं तयार केलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखितांच्या सूचींत आहे; ती सूची नागपुरास १९२६ सालीं छापली गेली. पुढें डॉ. प. ल. वैद्य यांनीं पुष्पदंताचें ‘जसहरचरिउ’ १९३१ सालीं, आणि अमरावतीच्या कॉलेजांतील प्रो. हिरालाल जैन यांनीं ‘णायकुमारचरिउ’ १९३३ सालीं व ‘करकंडचरिउ’ १९३४ सालीं संपादून काढलें. हीं तिन्ही कारंज्याहूनच प्रसिद्ध झालीं. मराठीच्या पूर्वपीठिकेचा विचार करणाऱ्यास अपभ्रंशाचें महत्त्व सांगावयास नको. शतकानुशतकें असे ग्रंथ टिकले ते कोणत्या यंत्रानें? फळ्यांमध्यें दाबलेलीं पानें, त्यांवर घट्ट गुंडाळलेलें वेष्टन, तें पेटाऱ्यांत, पेटारा जाड भिंतींच्या अंधाऱ्या खोलींत. हवेला आंत शिरण्यास चार दारें ओलांडावीं लागत. लेखकू पोथीच्या शेवटीं तेल, पाणी व सैल बंध यांपासून हिचें रक्षण करा अशी जी विनवणी लिहून ठेवीत, तींतील सैल बंधाचा उल्लेख आपण वाचून सोडून देतों. सैल बंध म्हणजे हवेला मोकळी वाट. आमची प्लॅस्टिकची पेटी हें त्याच शहाणपणाचें ओबडधोबड भाषांतर आहे. कारण जाड भिंतींचे वाडे गेले आणि पत्र्याचे व सिमेंटचे माळे आले.

आतां खरा अवघड प्रश्न. आमच्याकडे लहानमोठीं एकतीस गांठोडीं निघालीं, आणि पेटींत मावतात अकरा. निवड करावी लागली. घरच्यांचें मत असें पडलें कीं, भागवत, सप्तशती आणि गुरुचरित्र हीं आधीं जावीं, कारण तीं पवित्र. मला तें पटलें नाहीं. त्या ग्रंथांच्या प्रती गांवोगांव आहेत, छापलेल्या तर पैशाला पासरी. माझ्या मतें पहिलें स्थान एका मळक्या बाडाला होतें. त्यांत माझ्या पणजोबांनीं घरगुती औषधें, पेरणीचे दिवस, पिंगळाक्षी देवीच्या नवरात्रांतील खर्च आणि पंचांगाच्या कडेला पाऊस केव्हां आला केव्हां गेला याच्या ओळी लिहिलेल्या आहेत. त्याची दुसरी प्रत पृथ्वीवर नाहीं. वाद दोन दिवस चालला. शेवटीं बाड गेलें, त्याच्याबरोबर ज्यांच्या शेवटीं लेखकाचें नांव, गांव व शक दिलेला आहे अशा नऊ पोथ्या गेल्या, आणि घरच्यांच्या समाधानाकरितां गुरुचरित्र गेलें.

राहिलेल्यांचें काय? येथें मला एक दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या नात्यांतील एका घरांत, वाडा विकतांना, चार मोठीं गांठोडीं पैनगंगेंत सोडण्यांत आलीं. कोणाच्या मनांत अनादर नव्हता. उलट, रद्दींत घालणें पाप म्हणून गंगार्पण केलें. त्यांत काय होतें हें आतां कोणीहि सांगूं शकणार नाहीं, कारण सोडण्यापूर्वीं कोणीं पहिलें व शेवटचें पानहि वाचलें नाहीं. माझें म्हणणें इतकेंच आहे कीं, विसर्जनापूर्वीं तेवढीं दोन पानें तरी वाचावीं. जें दुर्मिळ वाटेल त्याचीं सर्व पानें उजेडांत टिपून घ्यावीं; आजकाल त्याला खिशांतला फोन पुरतो. आणि पुण्याचें १९१७ सालचें भांडारकर मंदिर किंवा धुळ्याचें १९२७ सालचें राजवाडे मंडळ अशा संस्थांना आधीं यादी पाठवून विचारावें. त्यांचें बोलावणें आलें तर मोह न धरतां पोथी द्यावी. घरची पेटी ही भांडाराची बरोबरी करूं शकत नाहीं. ती दहावीस वर्षांचा अवधि मिळवून देते, एवढेंच.

त्या अवधींतहि कोणीतरी वर्षांतून दोनदां झांकण उघडून लगदा सुकला कीं काय तें पाहिलें पाहिजे, सुकला असल्यास चार चमचे पाणी घातलें पाहिजे, वर पाणी सांचलें असल्यास मूठभर क्षार. मुलगा-सून पुण्यास असतात व रिसोडास दिवाळीला व उन्हाळ्यांत येतात. म्हणून हीं कामें मीं त्याच दोन वेळांना बांधून दिलीं आहेत आणि त्यांची चिठ्ठी झांकणाला बाहेरून चिकटवली आहे. सुनेनें ती वाचून पहिला प्रश्न केला कीं, बाडांतील मोडी अक्षर आम्हांला वाचतां येत नाहीं, मग तें सांभाळून आम्हीं करावयाचें काय? प्रश्न रास्त आहे. तेव्हांपासून रोज सकाळीं टिपून घेतलेल्या छायाचित्रांवरून एक पान बाळबोधींत उतरवीत आहें. एकशें बारा पानांपैकीं चौसष्ट झालीं. औषधांचा भाग संपला, पावसाचा चालू आहे.